‘परवडणे’ आणि ‘अफोर्ड’

गेल्या सत्रान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका वाक्यापाशी माझी लाल लेखणी अडखळली. शेतमालाच्या भावासंबंधीच्या प्रश्नाचे इंग्रजीत उत्तर देताना एका विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘द फार्मर कुड नॉट अफोर्ड द अनियन्स.’ व्याकरण निर्दोष, स्पेलिंग अचूक. अर्थ मात्र नेमका उलटा. वाचणारा इंग्रज असेच समजेल की, बिचाऱ्या शेतकऱ्यापाशी कांदे विकत घेण्यापुरते पैसे नव्हते. विद्यार्थ्याला म्हणावयाचे होते ते वेगळेच. शेतकऱ्याला कांदा परवडला नाही. म्हणजे काढणी, गोणी, हमाली आणि गाडीभाडे वजा जाता त्याच्या पदरात काही पडले नाही. एका क्रियापदाने विकणाऱ्याचा गिऱ्हाईक करून टाकला होता. मी एक गुण कापला.

गुण खरे तर माझे कापावयास हवे होते. ‘अफोर्ड म्हणजे परवडणे’ हे समीकरण वर्षानुवर्षे मीच फळ्यावर लिहीत आलो आहे.

वाक्याची घडणच पाहा. इंग्रजीत कर्ता माणूस असतो. तो ‘कॅन अफोर्ड’, अथवा ‘कॅनॉट’. ऐपत त्याची. मराठीत कर्ता असते वस्तू, किंवा व्यवहार. माणूस चतुर्थीत बाजूला उभा. ‘मला गाडी परवडत नाही’ ह्यात ऐपत आहेच, पण ‘दुधाचा धंदा परवडत नाही’ असे म्हणणाऱ्याजवळ दहा म्हशी असू शकतात. येथे प्रश्न ऐपतीचा नसून खर्च आणि उत्पन्न यांच्या मेळाचा आहे. त्याला इंग्रजीत ‘पे’ हे साधे क्रियापद आहे.

‘अफोर्ड’चे मूळ ‘फोर्थ’ म्हणजे ‘पुढे’ ह्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. पुढे नेणे, तडीस नेणे, हा त्याचा आरंभीचा अर्थ. खिशाचा संबंध नंतरचा. ‘पुरविणे, देणे’ हा अर्थही त्यास चिकटला आणि कचेऱ्यांतून तो अद्याप जिवंत आहे. ‘संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी अफोर्ड करण्यात आली’ ह्या वाक्यात पैशाचा सुगावाही नाही. त्याचे जवळचे सोबती म्हणजे ‘बेअर’, ‘स्पेअर’ आणि ‘सस्टेन’. आपल्याकडे भार ‘पेलतो’, काम ‘झेपते’, हत्ती ‘पोसवत’ नाही. घरातून चार आणे काढून देता येणे म्हणजे ‘स्पेअर’. त्याला मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही, आणि त्यावाचून आपले अडलेही नाही.

अर्थशास्त्रात मात्र ह्या शब्दावर बरेच काही अडते. इच्छा म्हणजे मागणी नव्हे, हे ॲडम स्मिथने १७७६ साली सांगून ठेवले. अत्यंत दरिद्री माणसालाही सहा घोड्यांच्या गाडीची इच्छा असू शकते. तथापि ती इच्छा बाजारात गाडी आणू शकत नाही. गाडीचे एक असो. तोच नियम तांदळास लागू झाला म्हणजे काय होते, ते १९४३ साली बंगालने पाहिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता. दुष्काळ नसलेल्या १९४१ हून तर तो अधिक होता. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांच्या मिळकतीच्या मानाने तांदळाचा भाव पार हाताबाहेर गेला, याविषयी शंका नाही. सेन यांच्या अंदाजाप्रमाणे ३० लाखांच्या आसपास माणसे दगावली.

आज हेच क्रियापद विशेषण होऊन जाहिरातींत मिरवते: ‘परवडणारी घरे’. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराच्या सवलतीसाठी अशा घराची व्याख्या ठरली: किंमत ४५ लाखांपर्यंत, चटईक्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटर व अन्यत्र ९०. कोणाला परवडणारे, हे व्याख्येत नाही. विसांपैकी सोळा आणे कर्ज धरू. म्हणजे ३६ लाख, वीस वर्षे, व्याज साडेआठ टक्के. हप्ता येतो सव्वाएकतीस हजारांचा. अमेरिकेत घरखर्च मिळकतीच्या ३० टक्क्यांत बसावा असा दंडक आहे. तो लावला तर घराची मासिक मिळकत एक लाख चार हजार हवी. वरच्या नऊ लाखांची तजवीज निराळीच. येथे वस्तूला कर्ता करण्याची मराठीची सवय तिच्याच अंगाशी आली आहे. घर ‘परवडणारे’ म्हटले की माणूस वाक्यातून गळतो. इंग्रजीचे ‘अफोर्डेबल’ही तितकेच निसटते.

असो. त्या विद्यार्थ्याचा गुण मी परत दिला आणि समासात दुरुस्ती लिहिली, ‘द अनियन्स डिड नॉट पे.’ उत्तरपत्रिका हाती पडताच तो माझ्याकडे आला आणि अदबीने म्हणाला, ‘सर, पण पे म्हणजे तर पैसे देणे ना? कांदे कसे पैसे देतील?’