फसवणुकीतला तिसरा माणूस

तोतया पोलिसांचा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. लातूर, उदगीर, नांदेड, देगलूर अशा गावांत सकाळी देवळाला निघालेल्या किंवा दवाखान्यातून परतणाऱ्या वयस्क बाईला मोटारसायकलवरचे दोघे अडवतात. "आजी, पुढं चोरी झालीय, चेकिंग चालू आहे. एवढं सोनं घालून कशाला निघालात?" असे दटावून ओळखपत्रासारखे काहीतरी दाखवतात. एवढ्यात एक वाटसरू येतो. त्यालाही तसेच दटावले जाते. तो निमूटपणे गळ्यातली साखळी काढून देतो आणि ते ती कागदात बांधून त्याला परत करतात. हे पाहून आजी बोरमाळ काढते. तिलाही पुडी परत मिळते. घरी जाऊन उघडली की आत खडे निघतात.

या साऱ्या प्रकाराचा आधार तो वाटसरू असतो. दोन अनोळखी माणसांवर आजीचा विश्वास बसत नाही, पण आपल्यासारख्याच तिसऱ्याने ऐकले म्हटल्यावर बसतो. तो तिसरा त्यांच्यातलाच असतो, हे नंतर कळते. शेअर बाजारात चार महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप गटात रोज 'आज मला इतका फायदा झाला' असे लिहिणारे सदस्य हेच काम करतात. एटीएमबाहेर 'काका, कार्ड उलटं घालताय' म्हणत पुढे येणारा आणि मदतीच्या नावाखाली कार्ड बदलणारा तरुणही त्याच जातकुळीचा. ज्येष्ठांना फसवणुकीपासून वाचवण्याचे प्रयत्न जिथे थोडेफार लागू पडतात, तिथे पैसे हातातून जाण्याआधी खराखुरा तिसरा माणूस उभा करण्याची सोय झालेली असते. भित्तिपत्रके आणि भाषणे यांचा उपयोग त्यामानाने कमी, कारण पत्रक छापून येईपर्यंत फसवण्याचे निमित्त बदललेले असते.

'डिजिटल अरेस्ट'मध्ये डाव उलटा असतो. इथे तिसरा माणूस जवळ येऊच द्यायचा नसतो. तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, तुमच्या खात्यात हवाल्याचे पैसे आले, असे सांगून व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येतो. दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, मुलांना कळवले तर तेही अडकतील, ही त्याची पहिली तंबी. भारतात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितले, तरी प्रकार थांबले नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. सर्व वयोगट मिळून २०२४ या एका वर्षात देशभरात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले.

मराठवाड्यातला ज्येष्ठ या सापळ्यात का सापडतो, याचे उत्तर त्याच्या भोळेपणात शोधणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, महावितरणचा किंवा एसटीचा कर्मचारी यांच्या हाती ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम आयुष्यात एकदाच, एकगठ्ठा येते. मुले पुण्याला किंवा हैदराबादला असतात. साहेबाचा फोन आला की उभे राहून बोलण्याची सवय तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीने लावलेली असते. शिवाय हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दखनी वळणाची हिंदी इथल्या जुन्या पिढीला परकी नाही. त्यामुळे हिंदीतून आलेला फोन 'समजत नाही' म्हणून ठेवला जात नाही. उलट तो दिल्लीच्या साहेबाचा वाटतो.

प्रत्येकाची भीती वेगळी, त्यामुळे निमित्तही वेगळे. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या सुमारास 'जीवन प्रमाण अपडेट करा, नाहीतर पेन्शन बंद' असे फोन येतात. शेतकऱ्याला पीएम किसानच्या नावाने एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल येते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि त्याचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका म्हणजे एपीके होती. लग्नसराईत दिवसाला चार-चार पत्रिका येणाऱ्या घरात यापेक्षा बिनबोभाट रस्ता सापडणे कठीण.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांना गाठण्याची जागा म्हणजे गावातली 'मिनी बँक', अर्थात बँकेच्या वतीने अंगठ्यावर पैसे देणारे केंद्र. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये, म्हणजे गावाच्या बोलीत 'निराधारचा पगार', काढायला म्हातारी अंगठा देते. बहुतेक केंद्रचालक सरळ असतात. एखादा 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' म्हणतो. अंगठा मात्र लागलेला असतो आणि पैसे निघालेले असतात. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, हा सरकारी सल्ला योग्य आहे, पण तो इथे चालत नाही. जिचा पैसे काढण्याचा एकमेव मार्गच अंगठा आहे, तिने तो दर महिन्याला कुणाच्या मोबाइलवरून उघडायचा? त्यापेक्षा दोन साध्या गोष्टी कामाला येतात. व्यवहार झाला नाही असे सांगितले तरी छापील पावती मागायची आणि महिन्यातून एकदा मूळ बँकेत जाऊन पासबुकात एंट्री करून घ्यायची. बचत गटातल्या बायका स्वतःच्या कामासाठी बँकेत जातातच. गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची पासबुके त्यांनी सोबत नेली, तर गेलेला अंगठा महिन्याच्या आत उघडकीला येतो.

शहरांत ज्येष्ठांना सावध करण्याचे काम ज्येष्ठ नागरिक संघ आणि पेन्शनरांच्या संघटना करू शकतात, काही ठिकाणी करतातही. फेस्कॉम या राज्यव्यापी महासंघाशी जोडलेल्या संघांच्या मासिक बैठका, १७ डिसेंबरचा पेन्शनर्स डे, २ ते ८ जानेवारीचा महाराष्ट्र पोलीस स्थापना सप्ताह, फेब्रुवारीतला रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह, ही ठरलेली निमित्ते आहेत. सायबर पोलीस ठाण्याचा अंमलदार येतो, तासभर बोलतो, चहा होतो. ऐकणाऱ्याला सगळे पटते आणि महिन्याने फोन आल्यावर त्यातले काही आठवत नाही. भाषणाऐवजी सराव केला तर फरक पडतो: एकाने फोन करणारा 'इन्स्पेक्टर' व्हायचे आणि दुसऱ्याने 'मुलाला विचारून सांगतो' एवढेच म्हणून फोन ठेवायचा. ऐकायला पोरकट वाटते, पण आयुष्यभर साहेबाचे ऐकलेल्या माणसाला फोन मध्येच ठेवणे शिकावेच लागते.

महाविद्यालयीन मुलांचा उपयोग आणखी वेगळा. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत आणि त्यांची शिबिरे खेड्यांतच होतात. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनच्या 'सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा' या उपक्रमातही राज्यभरात विद्यार्थीच शाळांत आणि वस्त्यांत जाऊन सांगतात. पथनाट्य करून परतण्यापेक्षा त्यांनी आजोबांचा मोबाइल हातात घेऊन व्हॉट्सॲपचे आपोआप डाउनलोड बंद करणे, एनीडेस्कसारखे दुसऱ्याला दुरून मोबाइल पाहू देणारे ॲप काढणे, यूपीआयची मर्यादा कमी करणे आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक नावानिशी साठवणे जास्त उपयोगी. याला दहा मिनिटे लागतात. याच मुलांना दुसरीही एक गोष्ट सांगावी लागते. दोन-पाच हजारांसाठी स्वतःचे बँक खाते वापरायला देणारे बहुधा त्यांच्याच वयाचे असतात आणि कुणाच्या तरी आजोबांचे पैसे त्याच खात्यातून पुढे जातात.

बँकेचा काउंटर हा शेवटचा अडथळा. घाबरलेला, कानाला फोन लावलेला ज्येष्ठ मुदत ठेव मोडायला येतो, तेव्हा 'काका, एवढी रक्कम कुणाला पाठवताय?' हा प्रश्न विचारणारा कर्मचारी पोलिसांच्या आधी तिथे असतो. फसवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून 'मुलीच्या लग्नासाठी म्हणून सांगा' हे उत्तर ते आधीच पढवून ठेवतात.

पैसे गेलेच तर वेळ सर्वांत महत्त्वाचा. १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे नोंद झाली की ज्या ज्या खात्यांतून रक्कम फिरली, त्या बँकांना ती रोखण्याची सूचना जाते. पहिल्या काही तासांत ती अडवता येते. एटीएममधून निघाली की संपले. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी केला. ग्राहकाची किंवा बँकेची काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. तरीही तक्रारी उशिरा होतात, कारण 'या वयात कळलं नाही का?' हा घरातला प्रश्न चोरापेक्षा जास्त भीती घालतो. घरच्यांना सांगायचा धीर होत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही 'एल्डर लाइन' मोफत आहे. शिवाय एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि त्यांना ठरावीक काळाने भेटावे, असे ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचे राज्याचे २०१० चे नियमच सांगतात. ठाण्याकडे ती यादी ताजी आहे का, हे विचारण्याचे काम स्थानिक संघ करू शकतो.

समाज वाचवतो, हे मात्र सगळीकडे खरे नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या आणि पतसंस्था यांच्या ठेवींत नात्यागोत्याचा विश्वासच बुडण्याची वाट झाला. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी पतसंस्थेचे, तर २०२३-२४ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे ठेवीदार रस्त्यावर आले. गुन्हे दाखल झाले. अशा संस्थांचा एजंट पाहुण्यांतला, भजनी मंडळातला किंवा जुना सहकारी असतो. त्याची स्वतःची ठेवही तिथेच असते आणि तो मनापासून सांगत असतो. इथला तिसरा माणूस खोटा नसतो, म्हणूनच त्याला ओळखता येत नाही. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण पतसंस्थेतील किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीतील ठेवीला तो नाही. 'बँक' आणि 'सोसायटी' हा फरक दीड-दोन टक्के जादा व्याजापुढे कुणी विचारत नाही. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण त्याला वर्षे लागतात आणि ज्येष्ठांकडे वर्षेच कमी असतात.

घरातल्यांनीच शेती किंवा घर लिहून घेतल्याच्या तक्रारी यापेक्षाही अवघड. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ती रक्कम त्यांच्या आई-वडिलांच्या खात्यात टाकण्याचा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस केला आणि त्याप्रमाणे कपात सुरूही झाली; त्यात शिक्षकही होते. पगारकपातीने लिहून दिलेली मालमत्ता मात्र परत येत नाही; त्यासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चे कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन नंतर सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण रद्द करू शकते. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घेतली तर पुढचे काम सोपे होते, आणि ती लिहा असे दस्त नोंदवायच्या दिवशीच सांगणारे कुणीतरी सोबत लागते. ज्येष्ठाला स्वतः दाद मागणे शक्य नसेल, तर त्याच्या वतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेला कारवाई करता येते, असे याच कलमात म्हटले आहे. नोंदणी केलेला ज्येष्ठ नागरिक संघही त्यात बसतो.