वजनाची शस्त्रक्रिया आणि नोकरी: कुणाला सांगायचं, किती सांगायचं

अंबडच्या कारखान्यात, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या ऑफिसात काम करणारा माणूस बॅरिअॅट्रिक सर्जरीचं, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचं, नक्की करतो, तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेतो. खर्च किती, दवाखान्यात किती दिवस, टाके कधी निघणार. झोप उडवणारा प्रश्न मात्र वेगळाच असतो: कामावर काय सांगायचं? त्यावर घरचे, मित्र, ओळखीतले पेशंट भरपूर सल्ले देतात आणि त्यातले बरेचसे ऐकीव असतात.

‘सांगितलं नाही तर नोकरी जाईल’

रजा आजारपणाची आहे, हे खरं सांगावं लागतं. पण कोणती शस्त्रक्रिया, वजन किती होतं, पोटाचा किती भाग काढला, हे वरिष्ठांना सांगण्याची सरसकट सक्ती नाही. ज्या कामांत वैद्यकीय तंदुरुस्ती ही नोकरीचीच अट असते, त्यांची गोष्ट वेगळी. पोलीस, लष्कर, विमानचालन, धोकादायक प्रक्रियेवरचे कामगार यांनी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नये.

खरी अडचण मेडिकल सर्टिफिकेटची असते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत रजेच्या दाखल्याचा नमुना दिलेला आहे आणि त्यात आजाराचं स्वरूप व अंदाजे कालावधी लिहायला सांगितलं आहे. म्हणजे कोरा दाखला मिळणार नाही. मात्र ‘दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया, अमुक आठवडे विश्रांती, त्यानंतर अमुक दिवस वजन उचलू नये’ एवढं लिहिलं, तर ते खरंही आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरेसंही. दाखला लिहून घेण्याआधी डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं. त्याच नियमांनुसार, कोर्टाचा आदेश किंवा इतरांना गंभीर धोका अशी मोजकी कारणं सोडली, तर पेशंटची माहिती बाहेर न सांगण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. ‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं खोटं मात्र लिहून घेऊ नये. पुढे डिस्चार्ज कार्ड आणि दाखला जुळला नाही, तर साधी रजा चौकशीचा विषय होते.

टेबलावरचं काम करणारे लोक साधारण दोन-तीन आठवड्यांत परततात. प्रेस शॉपमध्ये जड माल उचलणाऱ्याला चार ते सहा आठवडे तरी थांबावं लागतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला ईएसआयचा (कामगार विम्याचा) आजारपणाचा लाभ मिळतो: वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी आवश्यक तेवढ्या दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाशी ज्यांचं कार्ड जोडलेलं आहे, त्यांनी ही चौकशी आधी करून घ्यावी. उपचार बाहेर घ्यायचा असला तरी करावी.

‘क्लेम केला की अख्ख्या कंपनीला कळतं’

अख्ख्या कंपनीला कळायचं काही कारण नाही, पण कुणालाच कळणार नाही असंही धरून चालू नये. कंपनीच्या गट विम्यातून कॅशलेस घेतलं, तर कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, जातात आणि त्यांच्याशी संपर्क ठेवणारं एचआरचं माणूस बहुधा मध्ये असतं. नावनिशीवार काय दिसतं, हे एचआरला थेट विचारावं. त्यासाठी स्वतःचा आजार सांगावा लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी शारीरिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहितीत घातल्या आहेत. एचआरला एखादी गोष्ट सांगावी लागली, तर ‘हे गोपनीय ठेवावं’ ही विनंती ईमेलवर करावी, तोंडी नको.

याला जोडून आणखी एक समज असतो: विमा या शस्त्रक्रियेला पैसे देतच नाही. २०१९ मध्ये विमा नियामकाने पॉलिसीतून वगळलेल्या गोष्टींची भाषा एकसारखी केली. त्यानुसार डॉक्टरांचा सल्ला असेल, वय किमान १८ असेल, आधीचे साधे उपाय फसलेले असतील आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर ही शस्त्रक्रिया वगळलेल्यांत मोडत नाही. हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा औषधांना न जुमानणारा मधुमेह सोबत असेल, तर ही मर्यादा ३५ आहे. डॉक्टर मात्र आशियाई शरीरासाठी यापेक्षा बरेच खालचे आकडे धरतात. त्यामुळे शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरते आणि क्लेम तरीही नाकारला जातो, असं होऊ शकतं. आधी पॉलिसीची प्रत वाचावी. सरकारी नोकरांनी लक्षात घ्यावं की खर्चाची प्रतिपूर्ती मागितली, तर बिलं आणि कार्ड आपल्याच कार्यालयाच्या टेबलांवरून पुढे जातात.

‘गुपचूप उरकता येतं’

स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग कुस्करलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने, घोट घोट. दोन-तीन महिन्यांत कपडे सैल होतात, त्याच सुमारास अनेकांचे केस गळतात. जिथे रविवारी मिसळीला एकत्र जायचं ठरतं, डबे एकमेकांत वाटून खाल्ले जातात आणि बढतीचे पेढे हातात कोंबले जातात, तिथे हे लोकांच्या नजरेतून सुटत नाही. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारानंतर तर एका पेढ्यानेही काहींना घाम फुटतो, धडधडतं, जुलाब होतात. आग्रह करणाऱ्याला हे माहीत नसतं, तो प्रेमानेच देतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये वेगळ्या नावाने दाखल होऊन जठरावर बँड बसवून घेतला. मे महिन्यात ते वर्तमानपत्रात आलं. एवढी साधनं असलेल्या माणसालाही ते तीन महिनेच झाकता आलं. म्हणून उत्तर शस्त्रक्रियेआधीच ठरवून ठेवलेलं बरं. सातव्या आठवड्यात लिफ्टमध्ये कुणीतरी अचानक विचारतं आणि तोंडाला येईल ते बोललं जातं.

‘कळलं की करिअर संपलं’

नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत त्यांची ही शस्त्रक्रिया झाली आणि बातमी उघडपणे आली. पुढे ते केंद्रीय मंत्री झाले. अरुण जेटली यांनी तर सप्टेंबर २०१४ मध्ये अर्थमंत्री असतानाच ती करून घेतली. नंतर त्रास झाल्याने त्यांना एम्समध्ये हलवावं लागलं, तेही लोकांना कळलं. अर्थात मंत्र्याची खुर्ची आणि कंत्राटी कामगाराची नोकरी यांत फार अंतर आहे. ज्याचं कंत्राट दोन महिन्यांनी नव्याने व्हायचं आहे, त्याने गप्प राहायचं ठरवलं तर त्याला भित्रा म्हणू नये. लठ्ठपणा हा दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत येत नाही, आणि वजनावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध खासगी नोकरीत आपल्याकडे वेगळा कायदा नाही. गप्प राहणं हा त्याचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो.

‘एकतर सगळ्यांना सांगा, नाहीतर कुणालाच नको’

सगळ्यांत जास्त नुकसान याच समजाने होतं. मला वाटतं, कामावरच्या एका तरी माणसाला पूर्ण माहिती हवी. शेजारच्या मशिनवरचा सोबती असेल, शिफ्टचा सुपरवायझर असेल. सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी कमी पडून चक्कर येते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका असतो, आणि डोकं दुखतंय म्हटल्यावर सहकाऱ्याच्या ड्रॉवरमधून पुढे येते ती बहुधा हीच गोळी. आपल्यासोबतच्या एकाला हे माहीत असणं जिवाच्या सुरक्षिततेचं आहे. रात्रपाळी असेल तर दर काही तासांनी थोडं खायला सुट्टी लागते, तीही या माणसामुळे सोपी होते.

बाकीच्यांसाठी एक वाक्य पुरतं: ‘डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत, खाण्याची पथ्यं आहेत.’ यात खोटं काही नाही, आणि पुढे सांगावंसं वाटलं तर शब्द फिरवावा लागत नाही.

‘रोज गोदाकाठी चालले आणि रात्रीची पोळी सोडली’ असं मात्र सांगू नये, हे मला कळकळीने म्हणायचं आहे. ऐकणाऱ्यांत एखादी बाई असते, गुडघे दुखणारी, वर्षानुवर्षं डाएट करून थकलेली. ती पोळी सोडते, पहाटे चालते, वजन जेमतेम उतरून परत चढतं, आणि दोष ती स्वतःलाच देते. शस्त्रक्रियेने भुकेची हार्मोन्सही बदलतात. निव्वळ इच्छाशक्तीने तेवढं क्वचितच साधतं. शिवाय ज्याला लोक शॉर्टकट म्हणतात, त्यात जन्मभर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, रोजची प्रथिनं आणि नियमित रक्ततपासण्या येतात, आणि ढिलाई झाली तर वजन परत येतं.

तिने कधी कॅन्टीनबाहेर बाजूला घेऊन खरं विचारलं, तर तिला सांगता येण्यासारखं बरंच असतं: तपासण्या कोणत्या झाल्या, आहारतज्ज्ञांकडे किती वेळा जावं लागलं, विम्याने काय मान्य केलं, पहिला महिना किती अवघड गेला.