बाळाला वरणाचं पाणी नको, वरण द्या



बाळाला सहा महिने पुरे झाले की वरचे खाणे सुरू करावे, हे आता बहुतेक घरांत ठाऊक आहे. उष्टावण होते, मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट बाळाच्या ओठाला लागते, चार माणसे जेवून जातात. खरी अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. वाटीत घालायचं काय? शाकाहारी घरात याचं उत्तर ठरलेलं असतं. वरणाचं पाणी, भाताची पेज, फार तर दुधात बुडवलेलं बिस्कीट.

मीही तेच केले होते. थोरलीला दोन महिने वाटी वाटी वरणाचे पाणी पाजले. पोरगी आवडीने प्यायची, पोट टम्म दिसायचे, पण वजन काही हलेना. वजन करणाऱ्या नर्सबाईंनी मला एकच विचारले, "तुम्ही रानातून आल्यावर वरणाचं पाणी पिऊन भागवता का हो?"

डाळीचा कस तळाच्या गोळ्यात असतो. वरचे निवळ म्हणजे जवळजवळ पाणीच. बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम लहान वाटीभर मावते. ती जागा पाण्याने भरली, तर अन्नालाही जागा उरत नाही आणि अंगावरच्या दुधालाही नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध एकटे पुरते, पुढे ते पुरत नाही. पण ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायचेच. जो घास द्यायचा तो दुधापेक्षा कसदार हवा, नाहीतर चांगले काढून पातळ घातल्यासारखे होते. घट्टपणाची खूण सोपी आहे. चमचा तिरपा केला तरी अन्न त्यातून घळाघळा ओघळता कामा नये.

आता सुरुवात करू मुगाच्या खिचडीपासून. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मुगाची डाळ, चिमूटभर हळद, आणि भरपूर पाणी घालून अगदी मऊ शिजवा. वाटीच्या बुडाने किंवा रवीने घोटा. वरून एक लहान चमचा साजूक तूप. तूप घालताना हात आखडू नका. बाळाच्या एवढ्याशा पोटात जास्त ताकद घालायचा तोच सोपा मार्ग आहे. आठ दिवसांनी त्याच खिचडीत लाल भोपळ्याची फोड, गाजर किंवा रताळे शिजवून कुस्करा. मग कधी तुरीचे घट्ट वरण आणि मऊ भात, कधी ज्वारीची भाकरी वरणात भिजवून कुस्करलेली. मधल्या वेळी पिकलेले केळे, पपई किंवा चिकू. घरच्या चुलीवर शिजते त्यातलेच, फक्त तिखट-मीठ पडण्याआधी बाजूला काढलेले. वर्षाच्या आत बाळाला वरून मीठ-साखर लागत नाही. मध तर वर्षापर्यंत चाटवूच नये. त्यातून बाळाला विषबाधेचा एक गंभीर आजार होऊ शकतो.

पण खुरपणी, काढणी चालू असताना घोटायला वेळ कुणाला आहे? तुम्ही दिवस उगवायला रानात, बाळ आजीजवळ. म्हणून एक पीठ करून डब्यात ठेवा. दोन वाट्या नाचणी (किंवा ज्वारी, तांदूळ, गहू, जे घरात असेल ते) आणि एक वाटी मुगाची डाळ वेगवेगळी खमंग भाजा आणि एकत्र बारीक दळून आणा. धान्य आणि डाळ एकत्र आली की एकातली उणीव दुसरे भरून काढते. नाचणी असेल तर फारच छान, कारण तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवायचे, वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचे, वर तूप. दाण्याचे अगदी बारीक, गंधासारखे वाटलेले कूट चमचाभर घातले तर आणखी बळ. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका. श्वासनळीत अडकतो.

एक युक्ती सांगते. घट्ट लापशी काही बाळे गिळत नाहीत, तोंड फिरवतात. अशा वेळी पाणी वाढवायचे नाही. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणावेत, सुकवून अगदी हलकी भाजून दळावी. हे मोडाचे पीठ लहान चमचाभर लापशीत घालून ढवळले की घट्ट लापशी बघता बघता सैल होते. लापशी गरम हवी, उकळती नको. मग पुन्हा एक उकळी काढून कोमट करून भरवा. मोडातला पाचक अंश पिठूळपणा तोडतो. कस तेवढाच राहतो आणि गिळायला सोपे जाते. आपल्या आजीला हे कारण माहीत नव्हते, पण नाचणीला मोड आणायची रीत तिच्या हातात होती!

शाकाहारी बाळाच्या बाबतीत दोन गोष्टी जपायला हव्यात. पहिली रक्त वाढवणारे लोह. ते डाळींत आहे, राजगिऱ्यात आहे, पालेभाज्यांत आहे, पण भाजीपाल्यातले लोह अंगी कमी लागते. त्यावर तोड आंबट. तांदुळजा किंवा शेवग्याचा कोवळा पाला खिचडीत शिजवून घोटा आणि भरवताना लिंबाचे चार थेंब पिळा. चहा मात्र घोटभरही नको, तो लोह अंगी लागू देत नाही. एवढे करूनही लोह कमी पडते, म्हणून सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचे पातळ औषध देतात. ते आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचे. काळी शी होते म्हणून बाटली फळीवर ठेवून देऊ नका.

दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. हे भाजीत, धान्यात, डाळीत नाही. शाकाहारात ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. आई स्वतः दूध-दही खात नसेल तर तिच्या अंगावरच्या दुधातही ते कमी उतरते. घरोघरी दूध डेअरीला जाते आणि बाळंतिणीच्या वाट्याला कोरा चहा येतो, हे मी डोळ्यांनी पाहते, म्हणून दादांनीही हा परिच्छेद वाचावा. आईला रोज दूध किंवा वाटीभर दही ठेवा. बाळाला घरच्या ताज्या दह्यात कालवलेला मऊ भात द्या. गाई-म्हशीचे दूध अन्नात घालायला चालते, पण वर्षाच्या आत अंगावरच्या दुधाऐवजी पाजू नये. हसणारे, बसू लागलेले बाळ मलूल झाले, बसायचे विसरले, हात थरथरू लागले, बोटांच्या पेरांवर काळपटपणा दिसला, तर नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर उपचार झाले तर बाळ सुधारते.

किती द्यायचे? आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा, थोडे जाडसर, बोटाने उचलता येईल असे. वर्षाचे झाले की पाऊण ते एक वाटी, आणि मधे एक-दोनदा फळ किंवा भाकरीचा तुकडा. नवी चव पहिल्या दिवशी थुंकली म्हणजे आवडत नाही असे नव्हे. चार-दोन दिवसांनी परत द्या. जबरदस्तीने नाक दाबून मात्र भरवू नये.

बाळाची वाटी वेगळी ठेवा म्हणजे पोटात किती गेले ते कळते. भरवण्याआधी साबणाने हात धुवा, बाळाचेही. सकाळी शिजवलेले दुपारी देऊ नका. आजीला सांगून ठेवा की डब्यातल्या पिठाची ताजी लापशी पाच मिनिटांत होते. बाटली घरात आणूच नका. वाटी-चमचा उकळायला सोपा.

जुलाब लागले तर बाळाचे खाणे तोडायचे नाही. अंगावरचे दूध, ओआरएसचे पाणी आणि मऊ खिचडी चालू ठेवा, आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घ्या. आणि बरे झाल्यावर पंधरा दिवस रोज एक वेळ जास्त भरवा.