अहवालातील लाल आकडे आणि निर्व्यसनी घराचे यकृत

वर्षातून एकदा संपूर्ण शरीराची तपासणी करून घेण्याची पद्धत आता व्यापारी कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. कधी विम्यासाठी, कधी मुलांच्या आग्रहाखातर सकाळी रक्त दिले जाते आणि संध्याकाळी दुकान वाढवण्याच्या वेळेस अहवाल मोबाइलवर येतो. समजा, बावन्न वर्षांच्या एका किराणा व्यापाऱ्याचा तो अहवाल आहे. साखर ठीक, क्रिएटिनिन ठीक. मात्र ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या मथळ्याखाली दोन आकडे लाल अक्षरांत आहेत. एस.जी.पी.टी. ७६, एस.जी.ओ.टी. ४८. घरात मद्याचा थेंब कधी आला नाही, मांसाहाराचा तर प्रश्नच नाही. मग यकृत बिघडले कसे? ‘यंत्राची चूक असेल’ असे म्हणून काही घरांत तो अहवाल कपाटात जातो. काही घरांत त्याच रात्री लिव्हर टॉनिकची बाटली येते. दोन्ही गोष्टी महाग पडू शकतात.

एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. ही पेशींच्या आत काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम होत. पेशीला इजा झाली की ती रक्तात पाझरतात. गोदामातील पोते फाटले की धान्य फरशीवर सांडते, तसेच हे. सांडलेल्या दाण्यांवरून पोते फाटल्याचे कळते. ते उंदराने कुरतडले की हमालाच्या आकड्याने फाटले, हे कळत नाही. गोदामात माल किती उरला, हेही त्यावरून सांगता येत नाही. यकृताचे प्रत्यक्ष काम कसे चालले आहे, हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ सांगणारी प्रोथ्रोम्बिन टाइम ही चाचणी दाखवते. त्यामुळे या साऱ्या तपासण्यांना सरसकट दिलेले ‘फंक्शन टेस्ट’ हे नाव काहीसे फसवेच म्हणावे लागेल.

एस.जी.ओ.टी. केवळ यकृतात नसते. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधील कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू या संशोधकांनी ते रक्तात मोजले, ते हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करण्यासाठी. स्नायूंतही ते भरपूर असते. आठ दिवसांपूर्वी व्यायामशाळेत नाव घातलेल्या तरुणाचा हा आकडा वाढलेला आढळला, तर आधी सी.पी.के. ही स्नायूंची चाचणी पाहावी लागते.

वाढ किंचित असेल आणि कावीळ, गडद लघवी, उलट्या, पायांवर सूज असे काही नसेल, तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे रास्त ठरते. आकडे कित्येक शेकड्यांत गेले किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. प्रयोगशाळेच्या मर्यादेवरही पूर्ण विसंबू नये. अनेक अहवालांत वरची मर्यादा ४० च्या आसपास छापलेली असते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये एस.जी.पी.टी.ची निरोगी मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ एवढीच धरली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी वीस रुग्णांच्या यकृतांचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली ती मद्यप्यांच्या यकृतांसारखी दिसत होती. पण हे रुग्ण मद्यपी नव्हते. यकृतात चरबी साठून दाह होण्याचा हा विकार आज किंचित वाढलेल्या विकरांमागचे सर्वांत नेहमीचे कारण ठरला आहे. भारत सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. ही चरबी येण्यासाठी मांस खावे लागत नाही. दिवसभर गादीवर बैठक, दर गिऱ्हाइकाबरोबर साखरेचा चहा, दुपारी फरसाण, सणासुदीला मिठाई आणि श्रीखंड. शरीराला न लागणारी ही साखर आणि मैदा यांचेच यकृत चरबीत रूपांतर करते. आपल्याकडे तर अंगाने सडपातळ दिसणाऱ्यांचेही पोट सुटलेले असते. म्हणून दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेषा मानतात.

केवळ चरबीमुळे सहसा मोठा अपाय होत नाही. दाह वर्षानुवर्षे चालू राहून यकृतात कठीण तंतू तयार होऊ लागले, की सिऱ्होसिसची वाट सुरू होते. त्याचा अंदाज घेणारे ‘फिब-४’ नावाचे एक सूत्र आहे आणि हिशेबाची सवय असलेल्या माणसाला ते अवघड वाटू नये. वयाला एस.जी.ओ.टी.ने गुणावे. प्लेटलेटची हजारांतील संख्या एस.जी.पी.टी.च्या वर्गमुळाने गुणावी आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. आपल्या व्यापाऱ्याच्या प्लेटलेट दोन लाख दहा हजार असतील, तर उत्तर सुमारे १.३६ येते. १.३ च्या खाली तंतूंचा धोका कमी, २.६७ च्या वर अधिक. मध्ये असल्यास फायब्रोस्कॅनने यकृताचा कडकपणा मोजून घेतात. म्हणजे कपाटात टाकलेल्या या अहवालाला एक पुढची तपासणी हवीच होती. पस्तिशीच्या आतील आणि पासष्टीच्या पुढील व्यक्तींना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मधुमेह असलेल्याची विकरे अगदी नेहमीसारखी असूनही यकृतात तंतू असू शकतात, त्यामुळे त्याने हा हिशेब लाल अक्षरांची वाट न पाहता करून घ्यावा.

चरबीचा शिक्का मारण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि सी यांची चाचणी एकदा व्हायलाच हवी. त्यांचा निर्व्यसनीपणाशी काही संबंध नाही. औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवावी. क्षयाची औषधे, आकडीवरील काही गोळ्या, अधिक मात्रेतील पॅरासिटामॉल यांनी यकृताला इजा होऊ शकते. ‘वनस्पतीचे आहे, अपाय कसला’ ही समजूतही सोडलेली बरी. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. यादीत काढे, चूर्णे आणि ती टॉनिकची बाटलीही असावी.

उपायांत आजही पहिला मान वजनालाच आहे. चरबी कमी होण्यास वजनात पाच टक्के घट पुरते, दाह ओसरण्यास सात ते दहा टक्के लागते. ८० किलोच्या माणसाने सहा-आठ किलो उतरवायचे, तेही महिन्यांच्या हिशेबाने. कारण झपाट्याने घटणारे वजन यकृताचा दाह उलट वाढवू शकते. चौविहार पाळणाऱ्या घरांत रात्रीचे खाणे आपोआप टळते, हे चांगलेच. मात्र सूर्यास्तापूर्वीच्या घाईत तळलेले खाऊन पोट भरले, तर त्याचा लाभ यकृतापर्यंत पोहोचत नाही.

पर्युषणातील तपस्येविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काही निरोगी माणसांत जन्मतःच बिलिरुबिनची विल्हेवाट थोडी संथ असते. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. अशी व्यक्ती अठाईला बसली की उपवासाने बिलिरुबिन वाढते, डोळ्यांत पिवळी झाकही येते आणि घरात घबराट होते. अशा वेळी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष बिलिरुबिन वेगळे मोजावे. वाढ फक्त अप्रत्यक्षात असेल, विकरे आणि हिमोग्लोबिन ठीक असतील, तर बहुधा यकृताला काही झालेले नसते. पारणे होऊन आहार पूर्ववत झाल्यावर काही दिवसांनी आकडा पुन्हा खाली येतो. म्हणून नेहमीची वार्षिक तपासणी तपस्येच्या दिवसांत किंवा पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र पच्चक्खाण घेण्यापूर्वीच, उपवासात कोणते औषध थांबवायचे आणि कोणते किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.