पाखंडी ठरले आणि ठाण्याला पोचले
रहिमतपूरहून रेल्वेने मुंबईला निघालात की पुणं मागे पडतं, घाट उतरतो आणि कल्याण येतं. याच कल्याणात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती बिशप होता आणि त्याची नेमणूक थेट इराणातून व्हायची, असं सांगितलं तर पटेल?

सांगतोय कॉस्मस, अलेक्झांड्रियाचा व्यापारी. इसवी सन ५५०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात त्याने 'कल्लियाना' बंदरातल्या तांब्याची, कापडाची नोंद केली आणि सोबत या बिशपचीही. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि गंमत बघा, समुद्र पालथा घातलेला हाच गडी पृथ्वी सपाट आहे असं ठासून सांगत होता!

पण बिशप इराणातून का यावा? त्यासाठी एका भांडणात डोकवायला हवं.

४२८ साली नेस्टोरियस रोमन बादशहाच्या राजधानीचा, कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झाला. लोक मेरीला 'देवाची आई' म्हणत. त्याला ते खटकलं. अनादि देवाला आई कशी असेल? तिने जन्म दिला तो ख्रिस्ताला, म्हणून 'ख्रिस्ताची आई' म्हणा, एवढंच त्याचं म्हणणं. जन्माष्टमीला देवालाच पाळण्यात घालून जोजवणाऱ्या आपल्याला यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. तिथे मात्र साम्राज्य हादरलं.

४३१ साली एफेससला धर्मपरिषद भरली. नेस्टोरियसचे पाठीराखे बिशप अजून वाटेतच होते, तोवर अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल याने कामकाज उरकून त्याला पदच्युत केलं. चार दिवसांनी पाठीराखे पोचले. त्यांनी सिरिललाच पदच्युत केलं! बादशहाने आधी दोन्ही निकाल कायम केले. शेवटी सिरिल सुटला, नेस्टोरियसची रवानगी इजिप्तमध्ये झाली आणि त्याचं मत पाखंड ठरलं.

विषय संपला? छे, इथून तर तो प्रवासाला निघाला. रोमचा हाडवैरी इराण शेजारीच होता आणि तिथे ख्रिस्ती समाज आधीपासून नांदत होता. ४८९ साली रोमच्या बादशहाने नेस्टोरियसच्या विचाराकडे झुकलेली एडेसाची धर्मविद्येची शाळा बंद पाडली, तेव्हा तिथल्या विद्येला सीमेपलीकडे निसिबिसला आसरा मिळाला. इराणी चर्चने हाच विचार आपला मानला आणि विरोधकांनी त्याला 'नेस्टोरियन' हे नाव चिकटवलं. मग खुष्कीच्या वाटेने त्यांचे साधू ६३५ साली चीनच्या राजधानीत पोचले. इकडे इराणी आखातातली गलबतं मोसमी वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागतच होती, म्हणून कल्याणचा बिशपही इराणातून.

आणि हे नेस्टोरियन इथे टिकले किती? १३२१ साली रोमन चर्चचे चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले. त्यांना घरात घेतलं एका नेस्टोरियन कुटुंबाने. म्हणजे ज्यांना पाखंडी म्हणायचं, त्यांच्याच ओसरीवर मुक्काम! पुढे त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उगारला, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने पाहुण्यांची नावं घेतली. बोलता बोलता धर्माचा वाद पेटला आणि ते चौघेही मारले गेले. थोड्याच काळाने आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन साधूने ही हकिगत लिहिली. ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरं असल्याचंही त्यानेच नोंदवलं.

एफेससमध्ये विचार गाडून टाकायला निघाले होते. हद्दपारीनेच त्याला चीन दाखवला, कोकणपट्टी दाखवली. आणि मूळ भांडणाचं काय झालं? १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडच्या त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एकत्र सही करून जाहीर केलं, की मेरीला दोन्ही प्रकारे म्हणणं योग्यच आहे, श्रद्धा एकच आहे. समेटाला फक्त १५६३ वर्षं लागली!