पवनचक्कीत वाटा : डेन्मार्कची गोष्ट

'ऊर्जेची साधने' हा घटक शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. संपणारी साधने आणि न संपणारी साधने. दगडी कोळसा इकडे, वारा तिकडे. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात. पण वारा फुकट असला तरी पवनचक्की फुकट नसते. ती कुणाच्या मालकीची, तिचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हा प्रश्न त्या दोन रकान्यांत कुठेच येत नाही. म्हणून आज डेन्मार्कबद्दल लिहितोय. साधारण साठ लाख वस्तीचा हा देश. आज तिथली अर्ध्याहून जास्त वीज वाऱ्यापासून तयार होते. आणि गंमत म्हणजे या गोष्टीत ठिकठिकाणी शिक्षक भेटतात.

पहिला शिक्षक म्हणजे पोल ला कूर. आस्कोव्ह नावाच्या गावातल्या लोकविद्यालयात ते शिकवायचे. लोकविद्यालय म्हणजे शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठीची निवासी शाळा. तिथे परीक्षा नाहीत, गुण नाहीत. (ऐकूनच हेवा वाटतो ना!) ला कूर यांनी १८९१ साली सरकारी अनुदानातून शाळेजवळ एक पवनचक्की उभारली आणि तिच्यावर वीज तयार केली. आता वारा पडला की काय करायचं? ही अडचण आजही आहे, तेव्हाही होती. त्यांनी त्या विजेने पाण्याचं विघटन केलं, निघालेला हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून स्फोट व्हायचे, शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या, तरी काम थांबलं नाही. पुढे त्यांनी गावोगावच्या तरुणांसाठी विजेचं काम शिकवणारे वर्ग सुरू केले.

१९०४ च्या सुमारास त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक विद्यार्थी होता. याच यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर इथे २०० किलोवॅटची, तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. आज जगभर दिसणाऱ्या पवनचक्क्या बहुतेक याच घराण्यातल्या. गुरूने पेरलेलं पन्नास वर्षांनी उगवलं म्हणायचं. पण तेव्हा तेल स्वस्त होतं, त्यामुळे ती पवनचक्की १९६७ मध्ये बंद पडली आणि विषय मागे राहिला.

मग आलं १९७३. अरब देशांनी तेल रोखलं, भाव भडकले. डेन्मार्कची जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलावर चालत होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी आली. मुलांना हे चित्र जरूर सांगा. राजधानीच्या शहरात रस्ते मोकळे आणि लोक सायकलीवर!

सरकारचा ओढा अणुवीज केंद्रांकडे होता, पण लोकांना ती नको होती. नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, 'मग काय?' याचंही उत्तर लागतं. ट्विन्ड इथल्या शाळांमधल्या शिक्षकांनी आपले पगार एकत्र केले आणि विद्यार्थी व स्वयंसेवकांना सोबत घेऊन पवनचक्की बांधायला घेतली. तीन वर्षं खपून १९७८ मध्ये ती फिरली. त्या वेळी ती जगातली सर्वात मोठी पवनचक्की होती आणि पुढे चाळीस वर्षांहून जास्त काळ चालली. (त्या संस्थेच्या चालकांवर नंतर पैशांच्या व्यवहारावरून खटले झाले, तो विषय वेगळा. पण पवनचक्की खरी होती.) त्याच काळात एका सुताराने घरच्या घरी बनवलेली पवनचक्की वीजजाळ्याला जोडली. १९८५ मध्ये तिथल्या संसदेने अणुवीज आराखड्यातून काढूनच टाकली.

आता मालकीचा मुद्दा. एका शेतकऱ्याला एकट्याने पवनचक्की परवडत नाही. मग गावातली माणसं मिळून वर्गणी काढायची, पवनचक्की घ्यायची, वीज विकायची आणि आलेला पैसा वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा. आपल्याकडे सहकारी दूध डेअरीचे शेअर्स घेतात तसंच. डेन्मार्कमध्येही सहकारी डेअऱ्या १८८२ पासून होत्या, त्यामुळे ही पद्धत लोकांना नवी नव्हती. नियम मात्र विचार करून केलेले होते. सुरुवातीला वाटा घेणारा जवळपास राहणारा हवा होता, आणि किती वाटे घ्यायचे तेही घरच्या वीजवापराच्या प्रमाणातच. म्हणजे लांबच्या शहरातला धनिक येऊन सगळं विकत घेऊ शकत नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लाखभर कुटुंबांकडे असे वाटे होते.

कोपनहेगनसमोरच्या समुद्रातला मिडलग्रुंडेन प्रकल्प बघा. तिथे २० पवनचक्क्या आहेत. त्यातल्या निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या सहकारी संस्थेच्या. संस्थेचे वाटे ४०,५०० आणि सभासद आठ हजारांहून जास्त. आधीचा आराखडा तीन रांगांत २७ पवनचक्क्यांचा होता. लोकांनी हरकती घेतल्यावर तो बदलून एकाच वळणदार रांगेत २० उभ्या केल्या.

साम्सो बेटाची गोष्ट तर मुलांना फारच आवडते. चारेक हजार वस्तीच्या या बेटाला १९९७ मध्ये सरकारी स्पर्धेत 'दहा वर्षांत फक्त नवीकरणीय ऊर्जेवर जगून दाखवा' असं आव्हान मिळालं. लोकांना पटवायचं काम केलं सोरेन हर्मनसेन यांनी. तेही शिक्षकच, आणि शेतकऱ्याचा मुलगा! बेटावर कसलीही बैठक असो, हे तिथे हजर. जमिनीवर ११ पवनचक्क्या आल्या, त्यातल्या ९ शेतकऱ्यांच्या आणि २ सहकारी. समुद्रात १० आल्या, त्यातल्या ५ नगरपालिकेच्या. घरं गरम ठेवायला शेतातला पेंढा जाळून पाणी तापवतात आणि ते नळाने घरोघर फिरवतात. मोटारी आणि बोटी मात्र तेलावरच चालत होत्या. तेवढ्या तेलाची भरपाई म्हणून समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज मुख्य भूमीला पाठवायची, असा हिशेब बसवला.

इथवर सगळं छान छान वाटतं, पण पुढचंही सांगायला हवं. पवनचक्क्या मोठ्या होत गेल्या, किंमत वाढली, आणि गावाच्या वर्गणीच्या हाताबाहेर गेली. मोठ्या कंपन्या उतरल्या. मग गावात सूर बदलला. आवाज आमच्या कानाला आणि नफा दुसऱ्याला? स्वतःचा वाटा असला की पात्यांचा तोच आवाज सहन होतो, हे अगदी मानवी आहे. २००८ च्या कायद्याने नवीन पवनचक्क्यांतले किमान २० टक्के वाटे साडेचार किलोमीटरच्या परिसरातल्या लोकांना देऊ करणं बंधनकारक केलं. ही तरतूदही २०२० मध्ये रद्द झाली. आता शेजाऱ्यांना दरवर्षी बोनस मिळतो. माझ्या मते बोनस घेणारा आणि मालक यांत फरक आहे. मालकाला सभेत हात वर करता येतो.

वर्गात घेण्यासारखा एक उपक्रम देतो. मिडलग्रुंडेनचा एक वाटा म्हणजे वर्षाला साधारण १००० युनिट वीज. मुलांना घरचं लाइट बिल आणायला सांगा. बारा महिन्यांची युनिट्स बिलावर असतात, त्यांची बेरीज करा, १००० ने भागा. आपल्या घराला किती वाटे लागतील? शाळेला किती? पाचवीच्या मुलांना हा भागाकार सहज जमतो. बाकी उरली तर तिचं काय करायचं, हे मुलांनाच ठरवू द्या.