उघडून पुन्हा बसवता येईल तो रेग्युलेटर

पहाटे साडेपाच.
बोट सात वाजता सुटते. त्याआधी स्कुबा डायव्हिंगचे सगळे रेग्युलेटर तपासून व्हायला हवेत. पहिली तपासणी सिलिंडरशिवाय. फर्स्ट स्टेजचं, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाचं, तोंड डस्ट कॅपने बंद ठेवायचं आणि माउथपीसमधून श्वास ओढायचा. आत काहीही येता कामा नये. थोडी जरी हवा आली तरी समजायचं, पडदा फाटलाय किंवा उच्छ्वासाच्या झडपेत वाळूचा कण बसलाय. पाण्याखाली त्याच वाटेने पाहुण्याच्या तोंडात पाणी शिरणार.

मग सिलिंडरला जोडून मधल्या दाबाचं मापक लावतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. फर्स्ट स्टेज तो साधारण ९ ते १० बारपर्यंत उतरवते आणि सेकंड स्टेज पुढे भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडात देते. मापकाचा काटा एका जागी ठरला पाहिजे. तो हळूहळू वर चढत राहिला तर आतल्या झडपेची उच्च दाबाची सीट झिजली आहे. असा रेग्युलेटर आजचा दिवस काढेलही. तरी तो बोटीवर जात नाही.

सकाळी सात.
"धा वाजल्यार वारो सुटतलो," तांडेल सांगतो. म्हणजे पहिल्या फेऱ्या लवकर उरकायच्या. मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांपर्यंत बोट लगेच पोचते.

आठ ते साडेअकरा.
इथे खोली कमी, वीस-तीस फूट. पण रेग्युलेटरचे हाल मोठे. पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारा माणूस घाबरून माउथपीस कचाकच चावतो. वर आल्यावर सेकंड स्टेज हातातून सुटून बोटीच्या फळीवर आपटते. खाली ती वाळूत लोळते. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ओल्या फर्स्ट स्टेजवर ऊन पडतं आणि मीठ वाळून घट्ट बसतं. सिलिंडर बदलताना डस्ट कॅपमध्ये समुद्राच्या पाण्याचा थेंब राहिला आणि ती तशीच लावली, की तो थेंब पुढच्या वेळी हवेच्या दाबाने थेट आत ढकलला जातो. हॉटेलच्या खोलीतून वर्षाकाठी एकदा बाहेर निघणाऱ्या रेग्युलेटरला यातलं काहीही सोसावं लागत नाही. म्हणून जाहिरातीतला 'टिकाऊ' हा शब्द मी या बोटीवर उभा राहूनच वाचतो.

दुपारी एक.
जेवताना डायव्हिंग सेंटरच्या मालकांनी विषय काढला. पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी नवे संच घ्यायचे आहेत, आज रात्रीपर्यंत यादी हवी. त्यांच्या मनात टायटॅनियमचे आहेत. टायटॅनियमला गंज नाही आणि वजन कमी, हे खरं. पण क्रोम चढवलेल्या पितळेची फर्स्ट स्टेजही गोड्या पाण्याने नीट धुतली तर वर्षानुवर्षं चालते. आणि झिजतं ते काय? सीट, ओ-रिंग, पडदे. ते टायटॅनियमच्या आतही रबराचे आणि प्लॅस्टिकचेच असतात.

दुपारी अडीच.
धुणं. माझ्या लेखी दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा धुण्यासाठी टाकीचं पाणी वेगळं राखून ठेवावं लागतं. मिठाच्या पाण्याने मीठ निघत नाही. रेग्युलेटर शक्यतो सिलिंडरला जोडलेला असतानाच बुडवतो, कारण आत दाब असला की पाणी शिरत नाही. सुटा बुडवायचा असेल तर डस्ट कॅप कोरडी आणि घट्ट, आणि सेकंड स्टेजवरच्या पर्ज बटणाला हात लावायचा नाही. बटण दाबलं की झडप उघडते, पाणी नळीत जातं आणि फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. नवी पोरं फेस बघायला बटण दाबतात. त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगतो. नळ्यांच्या टोकांवरची रबरी आवरणं मागे सरकवायची, हिरवा गंज त्यांच्याखालीच लपून वाढतो. वाळवणं सावलीत.

दुपारी चार.
दुरुस्तीच्या टेबलावर जुना रेग्युलेटर उघडलेला. हवा आत येते तिथला छोटा धातूचा फिल्टर बरंच सांगतो. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय, तांबूस असेल तर स्टीलच्या सिलिंडरमधला गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरकडे बघायचं.

पुण्याचा एक मुलगा कोर्स संपवून टेबलाशी येऊन बसला. "काका, आयुष्यभर टिकेल असा कुठला घेऊ?"

"डायव्हिंग कुठे करणार आहेस?"

"इथे. पुढे अंदमान, लक्षद्वीप."

मी त्याला दोन फर्स्ट स्टेज शेजारी ठेवून दाखवल्या. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये हलणारा भाग जवळजवळ एकच. बिघडायला काही नाही, सर्व्हिस स्वस्त. उणीव एवढीच की सिलिंडर रिकामा होत आला की श्वास थोडा जड लागतो आणि खोलीवर ते जास्त जाणवतं. शिवाय पिस्टनच्या स्प्रिंगपाशी समुद्राचं पाणी येतं, त्यासोबत गाळ आणि मीठ. बॅलन्स्ड डायफ्रॅममध्ये पडद्यामुळे पाणी यंत्रणेच्या बाहेर राहतं, आणि सीलबंद असेल तर स्प्रिंगलाही लागत नाही. आपल्यासारख्या गढूळ पाण्यात तो उत्तम. मात्र भाग जास्त, सर्व्हिस महाग.

"तुला तिथे तीस मीटरपर्यंत जायचंय, तू सीलबंद डायफ्रॅम घे," मी म्हणालो. "सिलिंडरची जोडणी डीनची, म्हणजे आट्यांनी आत बसणारी घे आणि योकचा, म्हणजे वरून आवळायच्या जोडणीचा अ‍ॅडॉप्टर जवळ ठेव. डीनमध्ये ओ-रिंग खाचेत धरलेली असते, ती सहसा निसटत नाही. नळ्या साध्या रबराच्या चालतील. विणलेल्या आवरणाच्या नळ्या हलक्या आणि दिसायला छान, पण उष्ण प्रदेशात त्यातल्या काहींच्या आतल्या अस्तराचे स्फटिक होऊन हवेची वाट अडल्याच्या नोंदी आहेत. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचार, या मॉडेलची सर्व्हिस किट भारतात मिळते का आणि बसवणार कोण. उत्तर अडखळलं तर उठून ये."

तो फोनमध्ये लिहून घेत होता. किंमत विचारायचं त्याला सुचलं नाही. मीच सांगितलं की दर वर्षीच्या सर्व्हिसचा खर्च आधी धर. वापरला नाही तरीही. पडून राहिलेल्या रेग्युलेटरचं रबरही म्हातारं होतं.

सायंकाळी सहा.
वहीत प्रत्येक रेग्युलेटरच्या नंबरापुढे आजच्या फेऱ्या. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, तेव्हा या वहीवरूनच कुठला आधी उघडायचा ते ठरतं.

रात्री आठ.
मालकांची यादी. पाहुण्यांसाठी साधे पिस्टन, सेकंड स्टेजवर फिरवायच्या गुंड्या नकोत. इन्स्ट्रक्टरांसाठी सीलबंद डायफ्रॅम. दोन्ही एकाच कंपनीचे आणि प्रत्येक प्रकारात एकच मॉडेल, म्हणजे त्या प्रकारात एकाची सीट दुसऱ्याला बसेल. टायटॅनियमच्या ओळीवर काट मारली. वाचलेल्या पैशांत संचांइतक्याच सर्व्हिस किट आणि धुण्यासाठी गोड्या पाण्याची आणखी एक टाकी लिहिली. मालकांनी टाकीवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाला?" मी त्यांना खुर्ची दिली आणि दुपारच्या फिल्टरपासून सांगायला सुरुवात केली.